अडसर

'अडसर' हा शब्द आता वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि आम्हा विद्यार्थ्यांच्या निबंधांतच उरला आहे. प्रगतीच्या वाटेतील अडसर, एकात्मतेच्या मार्गातील अडसर! मूळचा अडसर म्हणजे दारामागे आडवा घालावयाचा लाकडी दांडा. पुण्याच्या जुन्या वाड्यांत तो भिंतीतील खोबणीत असे. रात्री ओढून दोन्ही कवाडांमागे लावला की घर निर्धास्त झोपी जाई. वाडे पडले, सदनिका आल्या, तेव्हा अडसरही गेला असे कोणालाही वाटेल.

पण तो गेलेला नाही. आमचे अण्णा ॲल्युमिनियमची सरकती दारे बसविण्याचे काम करतात. सातवीत शाळा सुटली. पण दाराविषयी त्यांना विचारावे! गॅलरीच्या सरकत्या दाराची कडी म्हणजे एक लहानसा आकडा. शिवाय असे दार वरच्या खाचेत उचलून मगच खालच्या पट्टीवर ठेवतात. म्हणजे जसे बसविले तसे उचलून काढताही येते. म्हणून अण्णा वरच्या खाचेत दोन-तीन स्क्रू थोडे बाहेर ठेवून पिळतात. मग दाराला वर उचलायला जागाच राहत नाही. दोन्ही दारे सरकणारी असतील तर ती जेथे एकमेकांवर येतात तेथे आरपार खीळ घालतात. चाके झिजली की दार खाली बसते आणि आकडा नीट अडकत नाही, म्हणून तीही पाहतात. आणि शेवटी आतल्या दाराच्या मोकळ्या पट्टीत मापाने कापलेली एक काठी आडवी ठेवतात. हाच तो अडसर! मात्र ती घरातल्या लहानग्यालाही चटकन काढता आली पाहिजे, हे बजावायला ते विसरत नाहीत. आग लागली तर पळायचे कोठून?

इतके करूनही काम संपल्यावर एका सोसायटीच्या फाटकावर अण्णांची पिशवी उपडी करून पाहिली जाते. ज्याने घर सुरक्षित केले, पहिला संशय त्याच्यावरच. मला राग येतो. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "दार बसविणाऱ्याला ते कसं निघतं हे ठाऊक असतंच. ठाऊक असूनही तो काढत नाही, यावरच तर सगळं चाललंय."

कॉलेजला येताना वाटेत शनिवारवाडा लागतो. 1732 मध्ये बांधून झालेला हा वाडा. त्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तींनी धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत. 1828 च्या आगीत आतील महाल जळाले, दरवाजा उभाच राहिला. पण 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांना मारणारे परके शत्रू नव्हते. ते पेशव्यांच्याच चाकरीतील गारदी होते, आणि कटात खुद्द चुलते राघोबादादांचे नाव घेतले जाते. ते खिळे तेव्हा काय कामाचे?

म्हणून काठी ठेवू नये असे मी म्हणत नाही. जरूर ठेवावी, स्क्रूही पिळून घ्यावेत. आमच्या पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत दाराला नुसती कडी आहे. दुपारी घरी कोणी नसले की शेजारच्या मावशी उंबऱ्यात तांदूळ निवडीत बसतात आणि एक डोळा आमच्या दारावर ठेवतात. मित्रहो, तुमच्या मजल्यावर अशी मावशी आहे का? आणि तुमचे दार बसवून गेलेल्या माणसाचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का?