वरून निधी किती आणला?

डेन्मार्कमधलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण आमच्या स्कॅनडरबोर्ग कोमुनेत, म्हणजे इथल्या पालिकेच्या हद्दीत आहे, आणि ते मलकापूरच्या रेल्वे स्टेशनपेक्षा खाली आहे. चेष्टा नाही. म्योलेहॉय या टेकडीची उंची जेमतेम 171 मीटर. मलकापूर अडीचशेच्या घरात, बुलढाणा शहर तर साडेसहाशेच्या आसपास. राजूर घाट चढत-उतरत वाढलेल्या माणसाला हे शिखर म्हणजे वावरातला उंचवटाच वाटणार. माथ्यावर जुन्या गिरणीची दगडी तळी जमिनीत बसवली आहे, कुंपणापलीकडे गाई चरतात. शेजारची एयर बाउनहॉय टेकडी जास्त उंच असा समज होता, तिच्यावर मनोराही बांधून झाला होता. 2005 मध्ये नीट मोजणी झाली तेव्हा म्योलेहॉय सुमारे अर्ध्या मीटरने सरस ठरली. मनोरा अर्थात तिकडेच राहिला.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा मुलूख ओळखीचा वाटतो. आपल्याकडे पैनगंगा घाटावर उगम पावून बंगालच्या उपसागराची वाट धरते, आणि नळगंगा घाट उतरून पूर्णेला, म्हणजे पर्यायाने तापीला आणि अरबी समुद्राला मिळते. इथे डेन्मार्कची सर्वांत लांब नदी गूदेनो आणि स्क्येर्न नदी, दोघी एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उगवतात आणि दोन दिशांना दोन समुद्रांकडे जातात. गूदेनो पुढे आमच्या मोसो तळ्यातून वाहते.

कोमुना म्हणजे नगरपालिका, पंचायत समिती आणि अर्धीअधिक जिल्हा परिषद एकत्र कालवलेली संस्था. अख्ख्या देशात अशा 98. एक जानेवारी 2007 पूर्वी 271 होत्या. त्या दिवशी गाल्टन, होर्निंग, रू आणि जुनं स्कॅनडरबोर्ग मिळून आजची कोमुना झाली. लोकसंख्या साठ-पासष्ट हजार. बुलढाणा जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत पंचवीस लाखांवर माणसं होती आणि तालुके तेरा, म्हणजे आपला सरासरी तालुका हिच्या तिप्पट. आपल्याकडे मागणी नेमकी उलटी: खामगाव वेगळा जिल्हा करा. घाटाखालच्या माणसाला एका कागदासाठी घाट चढावा लागतो, तेव्हा ती मागणी मला कधी अवाजवी वाटली नाही. इथे बहुतेक कागद फोनवरच येतात, म्हणून चार गावांची एक कचेरी खपून जाते.

मोताळ्याला राहणाऱ्या काकांना या सगळ्यातलं एकच जाणून घ्यायचं होतं. "मंग तुमच्या अध्यक्षानं वरून निधी किती आनला?"

उत्तर द्यायला जरा वेळ लागला. इथे माझ्या करपात्र उत्पन्नातून कोमुनेचा वेगळा कर जातो. देशभराची सरासरी 25 टक्क्यांच्या आसपास, आणि दर ठरवते स्थानिक परिषद. त्यातून पाळणाघरं, शाळा, म्हाताऱ्यांची घरपोच सेवा, ग्रंथालयं, रस्ते चालतात. (दवाखाने प्रांतांकडे आहेत.) सरकारी अनुदानही येतं, आणि श्रीमंत कोमुनांकडून गरिबांकडे पैसा वळवला जातो. त्यावरून श्रीमंतांची कायमची कुरकुर असते. पण कोणी "मी पन्नास कोटी आणले" असा फलक लावू शकत नाही. लावला तर लोक विचारतील, आमच्याच खिशातून ना?

"म्हंजे तुमच्याच खिशातून काढते अन् तुमालेच दाखवते?" काका म्हणाले. मी हो म्हटलं. पण मला तोच भाग आवडतो. पाळणाघराच्या खर्चाचा जास्तीत जास्त चौथा हिस्सा आईबापांनी द्यायचा, बाकी कोमुना. एखादी छोटी शाळा बंद करायचा प्रस्ताव आला की गाव पेटून उठतं, कारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अंदाजपत्रक मंजूर व्हायलाच लागतं आणि वाचवलेला प्रत्येक क्रोन कुठे जाणार हे कागदावर दिसतं. पटसंख्या कमी म्हणून जिल्हा परिषदेची शाळा बंद करायचं ठरतं तेव्हा निर्णय मुंबईतून येतो. भांडायचं कोणाशी?

दुसरा फरक अधिकाऱ्याचा. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार पाठवतं आणि बदलीही तेच करतं. इथला मुख्य अधिकारी परिषद स्वतः नेमते. सदस्य मात्र पूर्णवेळ पुढारी नसतात. शिक्षक, नर्स, शेतकरी आपापली नोकरी सांभाळून बैठकांना येतात. अध्यक्ष सदस्यांमधूनच निवडला जातो. त्याच्या आणि समित्यांच्या खुर्च्यांचा सौदा बहुतेकदा मतमोजणीच्या रात्रीच होतो. आपल्यासारखाच, फक्त सदस्यांना आधी सहलीला न्यावं लागत नाही.

18 नोव्हेंबर 2025 ला मी इथे मत दिलं. नागरिकत्व नाही, पण सलग चार वर्षं कायदेशीर वास्तव्य असलं की परक्यालाही स्थानिक निवडणुकीत मत असतं. दोन मतपत्रिका मिळाल्या, एक कोमुनेची, एक प्रांताची. पक्षावर फुली मारा किंवा त्याखालच्या नावावर. बोटाला शाई नाही. बाहेरून आलेल्यांपैकी बरेचजण हा हक्क वापरतच नाहीत, हे मला खटकतं. कचऱ्याचा डबा कधी उचलायचा हे ठरवणाऱ्या माणसाला निवडता येतं, तर निवडावं ना.

संध्याकाळी काकांना फोन केला. बुलढाणा जिल्हा परिषदेची तोवरची शेवटची निवडणूक फेब्रुवारी 2017 ची. मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या नोव्हेंबरात नगरपालिकांची निवडणूक तोंडावर होती, पण जिल्हा परिषदेची नाही. निवडून आलेले सदस्य नसले की वित्त आयोगाचा निधीही अडतो, म्हणजे काकांच्या लाडक्या प्रश्नालाही उत्तर उरत नाही.

"तुले तठी मत देऊ देल्लं?" काका म्हणाले. "अठी तं आमचंच रायलं."

मग त्यांनी कापसाचा भाव सांगितला, आणि मी इथल्या पाळणाघराची फी सांगितली. ती ऐकून मात्र ते बराच वेळ हसत होते.