मंजूर! मंजूर!

परवा आमच्या पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. नेहमीप्रमाणे सप्टेंबर संपता संपता, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत सभा घ्यायचं कायद्याचं बंधन! विषय क्रमांक १... मंजूर. २... मंजूर. वीस मिनिटांत सगळे विषय संपले.

मी अहवालातलं थकबाकीचं पान उघडून बसलो होतो. विचारायला उठलो तर शेजारचे काका म्हणाले, "अहो बसा, वडे गार होतायत." आणि मी चक्क बसलो.

घरी येताना बाबा आठवले. ते एका दुसऱ्या पतसंस्थेत संचालक होते. शाळामास्तर, अगदी सरळ माणूस. कर्जमंजुरीचं इतिवृत्त शिपाई घरी घेऊन यायचा, बाबा चहा पिता पिता सही करायचे. "अध्यक्ष बघतात सगळं," म्हणायचे. संस्था बुडाली आणि सहकार कायद्याच्या कलम ८८ ची नोटीस आली. संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालकांवर निश्चित करणारं हे कलम. एक पैसा न खाल्लेल्या माणसाला चौकशीत सांगावं लागलं, "मी वाचलं नव्हतं."

तेव्हा मला कायद्याचाच राग आला होता. आता वाटतं, कायदा एवढंच विचारत होता, की सही केलीत ना?

मोठ्या कंपन्यांत तरी काय वेगळं? 'सत्यम'च्या संचालक मंडळाने डिसेंबर २००८ मध्ये अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित 'मायटास' कंपन्या घ्यायला मंजुरी दिली. मंडळावर नामवंत स्वतंत्र संचालक होते! गुंतवणूकदार खवळले म्हणून लगेच माघार घ्यावी लागली, आणि ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी खोट्या हिशेबांची कबुलीच दिली. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालकांची कर्तव्यं स्पष्ट लिहिली गेली. पण तो व्यवहार थांबवला तो प्रश्न विचारणाऱ्यांनी.

कायदा सभा भरवतो, लेखापरीक्षण करायला लावतो. आपल्या वतीने उठून उभा राहत नाही.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे माहीत असूनही मी वड्यासाठी बसलो! असो. कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद आणि संचालक मंडळाची इतिवृत्तं पाहता येतात. अर्ज लिहून ठेवलाय, उद्या देणार आहे. सही करण्याआधी दोनदा वाचला.