पुतळे आणि प्याले

इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा व्यवसाय मी गेली तीस वर्षे करीत आलो आहे, आणि या तीस वर्षांत वर्गात मी जितके मद्य ओतले तितके एखाद्या अट्टल कलालानेही ओतले नसेल. चॉसरच्या यात्रेकरूंना मी दरसाल साउथवर्कच्या टॅबर्ड खानावळीत नेऊन बसवितो. फॉल्स्टाफच्या मागोमाग ईस्टचीपच्या पानगृहात शिरतो. बेन जॉन्सन आपल्या मित्रांसह कसा रंगत असेल, हे सांगताना तर मला तासाचे भान राहत नाही. एवढे करून मी स्वतः मात्र असल्या जागेचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. काठावर उभे राहून पोहण्याचे शास्त्र शिकविणाऱ्या पंतोजीसारखी माझी स्थिती होती. आणि अंग कोरडे का, असे पंतोजीला विचारण्याची शिष्यांची प्राज्ञा नसते, हे माझे सुदैव.

हे सुदैव गेल्या जून महिन्यात संपले. आमच्या महाविद्यालयाच्या बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी आठ दिवसांसाठी डब्लिनला गेलो. कार्यक्रमाचा कागद मी करून दिला होता. त्याची एक सुधारून वाढविलेली आवृत्ती मुलांनी आपसांत फिरविली होती, ती विमानात माझ्या हाती लागली. माझ्या कागदावर दिवस संध्याकाळी सहाला संपत होता. त्यांचा सहाला सुरू होत होता. स्विफ्ट, गोल्डस्मिथ, वाइल्ड, शॉ ही माझी नावे डावीकडे, आणि त्या गावातील नामांकित पबांची नावे उजवीकडे, अशी ती जमाखर्चाची वही होती.

भाषा मोठी लबाड असते. ‘गुत्ता’ म्हटले की आपण नाकाला रुमाल लावतो. ‘पब’ म्हटले की त्याच वस्तूला काचेची तावदाने, पितळी कड्या आणि प्रवासवर्णनाचा सुवास येतो. कायद्याचीही तीच तऱ्हा. महाराष्ट्रात बिअरला २१ वर्षे पुरी असावी लागतात, कडक मद्याला २५. आयर्लंडात १८ पुरतात. म्हणजे मुंबईस विमानात चढताना अज्ञान असलेली माझी एकोणीस-वीस वर्षांची मुले डब्लिनला उतरताच सज्ञान झाली. त्यांच्या पालकांचा भरवसा मात्र विमानाबरोबर वयात आला नव्हता. विमानतळावर एका मुलाची आई मला बाजूला घेऊन म्हणाली होती, “सर, तुमच्या जिवावर धाडते आहे हो. बाकी काही नाही, पण तेवढं एक...” तिने वाक्य पुरे केले नाही. मीही पुरे करून घेतले नाही. मान मात्र हलविली.

डावीकडची बाजू यथासांग पार पडली. सेंट पॅट्रिकच्या देवळात, जेथे स्विफ्ट १७१३ पासून १७४५ पर्यंत डीन होता, त्याची आणि त्याच्या स्टेलाची समाधी शेजारी शेजारी पाहिली. ज्याने गलिव्हरच्या हातून माणसाच्या बुद्धीची इतकी टिंगल केली, त्यानेच आपली संपत्ती वेड्यांच्या इस्पितळासाठी ठेवली, हे ऐकून मुले क्षणभर गप्प झाली. ट्रिनिटी महाविद्यालयाच्या दाराशी फोली या शिल्पकाराने केलेला गोल्डस्मिथचा पुतळा उभा आहे. आत सुमारे इसवी सन ८०० मधील ‘बुक ऑफ केल्स’ पाहिले, आणि वरचे प्रसिद्ध लांब दालनही पाहिले. जुन्या इमारतीच्या डागडुजीसाठी तेथील सुमारे दोन लाख ग्रंथ हलविण्यात आल्याने रित्या फळ्यांच्या त्या ओळी पाहताना लग्न आटोपलेल्या मांडवाची आठवण झाली. मेरियन चौकात खडकावर ऐसपैस पहुडलेला वाइल्ड मुलींना फार आवडला. शॉचे जन्मस्थान पाहताना मी ‘पिग्मॅलियन’चा विषय काढला, तेव्हा त्यांना ‘ती फुलराणी’ आठवली. पु. लं.नी मूळ नाटकात काय ठेवले आणि काय बदलले यावर जी चर्चा रंगली ती माझ्या तासाला कधी रंगली नव्हती. लिंकन प्लेसवरील स्वेनीच्या औषधाच्या दुकानातून जॉइसचा नायक ब्लूम लिंबाच्या वासाचा साबण घेतो. दुकानातली औषधविक्री २००९ मध्ये बंद झाली, परंतु काही वाचनवेडी माणसे ते हौसेने चालवितात, आणि साबण अजून मिळतो. मीही एक वडी घेतली.

दिवसाचे वाङ्मय आणि रात्रीचे पान अशी वाटणी त्या गावाला मान्य नाही, हे माझ्या ध्यानात यायला तीन दिवस लागले. जूनमध्ये तेथे रात्रीचे दहा वाजेपर्यंत उजेड असतो, “सर, अजून रात्र झालीच कुठे?” हे मुलांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शिवाय ब्लूम दुपारी ज्या जागी चीजचे सँडविच आणि बर्गंडीचा पेला घेतो ते ड्यूक स्ट्रीटवरील डेव्ही बर्नचे पानगृह माझ्याच कागदावर, डावीकडे होते! तेव्हा चौथ्या संध्याकाळी मी पुढे आणि बारा जण मागे, अशी आमची दिंडी त्या उंबरठ्यातून आत गेली.

त्या भागात लेखकांच्या पानगृहांची सहल घडविणारे नट असतात. संवाद म्हणायचे, आख्यायिका सांगायच्या, आणि श्रोत्यांचे पेले रिकामे झाले की पुढच्या दाराशी न्यायचे, असा त्यांचा खाक्या. आमच्याबरोबर असे दोघे होते आणि ते आपल्या कामात निष्णात होते. आपल्याकडचे चांगले कीर्तनकार उत्तररंगात जसे हसवितात तसे त्यांनी हसविले. येट्सला म्हणे एकदा मित्रांनी आग्रहाने पबात नेले. त्याने शेरीचा एक पेला घेतला, ‘पाहिला पब’ अशा अर्थाचे काही म्हटले आणि घरी पोहोचविण्याची विनंती केली. ही आख्यायिका ऐकून सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मीही हसलो. मग ब्रेंडन बीहनची पाळी आली. बीहन कोठे पडला, कोणाशी भांडला, कोणत्या सभेत झिंगून गेला, एकामागून एक किस्से. हशावर हशा पिकत होता. बीहन १९६४ मध्ये मेला तेव्हा ४१ वर्षांचा होता. हेही त्यांनी सांगितले, पण किश्शाच्या ओघात, आणि हसण्याच्या लाटेत ते वाक्य वाहून गेले.

मी उठून बाहेर आलो.

माझ्या मामांची गोष्ट मी आजवर कोणास सांगितलेली नाही. माझे आजोळ वाईचे. मामा शाळामास्तर होते. कृष्णेच्या घाटावर बसवून गणवृत्ते त्यांनी मला बोटांवर मोजायला शिकविली. मोरोपंतांच्या आर्या त्यांच्या तोंडून ऐकल्या तशा मी पुढे कोणाच्याही तोंडून ऐकल्या नाहीत. कवितेची पहिली गोडी मला त्यांनी लावली, आणि ते दारू पीत. गावात पोरे त्यांना ‘तळीराम’ म्हणत. दिवेलागणीनंतर मामी दाराशी उभी राहिली की आम्हां मुलांना माजघरात घालीत. पुढे जे ऐकू येई ते आम्ही डोक्यावर पांघरूण घेऊन ऐकत असू. ४३ व्या वर्षी मामा गेले. त्यांचे किस्से कोणी सांगितले नाहीत. माझ्या आईने तर त्यांची तसबीरही भिंतीवरून काढून ठेवली.

बाहेर रस्त्यावर माझ्यामागून एक मुलगा आला. ज्याच्या आईचे वाक्य अर्धे राहिले होते, तोच. त्याच्या हातात अर्धा पेला होता. तो लपवावा की न लपवावा हे न समजून त्याने तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

“सर, फॅरिंग्टनसुद्धा इथेच आला होता ना?”

मी चमकलो. जॉइसच्या १९१४ मधील ‘डब्लिनर्स’ या संग्रहात ‘काउंटरपार्ट्स’ नावाची एक कथा आहे, आणि ती आमच्या अभ्यासक्रमात आहे. फॅरिंग्टन हा वकिलाच्या कचेरीतला नकलनवीस. वरिष्ठाने केलेला पाणउतारा बुडविण्यासाठी तो घड्याळ गहाण टाकतो आणि सहा शिलिंग घेऊन पानगृहे पालथी घालतो. त्यांतले एक हेच, डेव्ही बर्नचे. ब्लूमच्या सँडविचच्या कौतुकात मी त्याला साफ विसरलो होतो.

“तुम्ही ती गोष्ट दोन तास शिकवलीत,” तो म्हणाला, “पण शेवटचं पान वाचून दाखवलं नाहीत. घंटा झाली, म्हणालात घरी वाचा. वरच्या वर्गातली मुलंही म्हणतात, त्यांच्या वेळीही घंटाच झाली होती.”

त्या पानात फॅरिंग्टन घरी येतो. चूल विझलेली असते, बायको देवळात गेलेली असते, आणि लहानगा मुलगा समोर सापडतो. तो काठी उचलतो. मुलगा गुडघे टेकून, तुमच्यासाठी देवाची प्रार्थना म्हणेन, असे विनवितो. तेथे कथा संपते. मुलगा सांगत होता ते खरे होते. ते पान मी कधीही मोठ्याने वाचलेले नाही. तीस वर्षांत दरसाल त्याच ठिकाणी घंटा कशी होत होती, हे मला त्या परक्या रस्त्यावर, एका विद्यार्थ्याच्या तोंडून कळले.

मी त्याला मामांची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. जाताना पेला मात्र तसाच कठड्यावर राहिला. विसरून की आठवणीने, मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहाच्या भोजनगृहात मी सर्वांना बसविले आणि ते पान वाचले. मग १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ची आठवण दिली. पाच वर्षांच्या अंतराने, एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन लेखकांनी दारू शेवटी एका लेकराच्या अंगावर आणून सोडली आहे. गडकऱ्यांचा सुधाकर पोराचा जीव घेतो, पश्चात्तापाने जळतो आणि विष घेतो; नाटक आपला हिशेब पुरा करते. जॉइस हिशेब पुरा करीत नाही. फॅरिंग्टन उद्या पुन्हा कचेरीत जाईल. दोहोंत अधिक भयंकर कोणते, यावर मुले उशिरापर्यंत भांडली. पिऊ नका, असे मी म्हटले नाही. काही जण त्यानंतर बाहेर पडले, काही पडले नाहीत. जे पडले त्यांनी, “सर, तुम्हीही चला,” म्हटले, आणि आश्चर्य असे की मी गेलो.

तेथे मी चहा मागविला. शेजारच्या म्हाताऱ्यापुढेही चहाच होता. त्याच्या कोटावर हृदयाचे चित्र असलेली एक टाचणी होती. ती १८९८ मध्ये डब्लिनलाच निघालेल्या ‘पायोनियर’ या मद्यत्यागी मंडळाची खूण, असे त्याने सांगितले. आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि पब चुकविला नाही; मित्र येथे भेटतात, दुसरीकडे कोठे भेटणार? त्यानेच फादर मॅथ्यूचे नाव काढले. १८३८ मध्ये कॉर्क शहरी या धर्मगुरूने मद्यत्यागाची चळवळ सुरू केली आणि लाखो माणसांनी त्याच्यापाशी शपथ घेतली. कॉर्कमधला त्याचा पुतळा १८६४ मध्ये उभा राहिला. तो घडविला त्याच फोलीने, ज्याचा गोल्डस्मिथ आम्ही ट्रिनिटीच्या दारात पाहिला होता. आणि तो गोल्डस्मिथही त्याच सालचा. कवीला आणि दारू सोडविणाऱ्याला त्या देशाने एकाच छिन्नीने घडविले.

निघण्याच्या दिवशी ग्रँड कालव्याच्या काठी गेलो. तेथे बाकावर कवी पॅट्रिक कॅव्हनाघ ब्राँझच्या रूपात बसला आहे. रॉयल कालव्याच्या काठी बीहनही असाच बसलेला आहे. दोघांच्याही शेजारी एका माणसापुरती जागा ठेवली आहे. मुलांनी पाळीपाळीने बसून छायाचित्रे काढली. शेवटी मी बसलो. पिणाऱ्या माणसाच्या शेजारी इतक्या स्वस्थपणे मी पूर्वी एकदाच बसलो होतो, कृष्णेच्या घाटावर, बोटे मोजीत.

मुंबईस उतरल्यावर ती आई पुढे आली. मी काही बोलण्यापूर्वीच मुलगा म्हणाला, “आई, दोन वेळा घेतली. सांगतो सगळं घरी.” तिने माझ्याकडे जे पाहिले त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. माझ्या भरवशाची परीक्षा झाली, इतके खरे. तीत मी उत्तीर्ण झालो की नाही, हे तिने सांगायचे.

घरी साबणाची वडी पाहून, “एवढ्या लांब जाऊन साबण?” असे सौभाग्यवतीने म्हटले, ते क्रमप्राप्तच होते. रात्री मी आईजवळ गेलो. तिला आता ऐंशी उलटून गेली आहेत. मामांची तसबीर कोठे आहे, असे विचारले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग काही न बोलता उठली, ट्रंकेच्या तळातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तसबीर तिने काढली, आणि माझ्या हाती देण्यापूर्वी पदराने काच पुसली.