काळं ऑइल

ऑइल नुसत्या पाण्याने निघत नाही, हे मेकॅनिकला शिकवावं लागत नाही. जालन्यात मी पंधराव्या वर्षापासून ट्रकच्या इंजिनाखाली शिरतोय. संध्याकाळी भुसा आणि कपड्यांची पावडर घेऊन हात घासावे, तेव्हा कुठे ते भाकरीला लावण्याजोगे होतात.

2010 साली मी उरणला कंटेनरच्या गाड्यांवर कामाला होतो. 7 ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलंडलं, कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे 800 टन तेल पाण्यात गेलं. काही दिवसांत गळती थांबली. पण सुटलेलं तेल भरतीबरोबर खाड्यांत शिरलं. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, होड्या तयार होत्या, आणि मासे धरू नका असा निरोप आला.

ओहोटीच्या वेळी मी खाडीवर गेलो. तिवरांच्या बुंध्यांवर काळा पट्टा चढला होता. चिखलातून वर आलेल्या ज्या मुळांनी तिवर श्वास घेतं, तीही तेलाने माखलेली. एरवी निवट्यांच्या उड्या चालायच्या, तिथे काही हलत नव्हतं. वास मात्र ओळखीचा होता, गॅरेजचाच.

तिथेच एक बगळा बसला होता. पाठ पांढरी, छाती आणि पोट काळं. जवळ गेलो तरी उडेना. कोळीवाड्यातल्या एका मावशींनी त्याला पदरात धरून माझ्याकडे दिलं. “मेस्त्री, तुमचं तर रोजचंच काम. तुम्हीच काढा.”

मी काढायला बसलो. थंड पाणी, पावडर, आणि हात घासायची सवय. तो थरथरत होता, आणि तरी चोच पुन्हा पुन्हा पिसांतून फिरवत होता. पहाटेपर्यंत तो गेला.

माझं काय चुकलं ते पुढे एका पक्षी-अभ्यासकाने समजावलं. पिसांचे बारीक धागे चेनसारखे एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे पाणी बाहेर राहतं आणि आत कोंडलेली हवा ऊब धरते. तेलाने ती चेन उसवते, पाणी कातडीला भिडतं आणि ऐन ऑगस्टातही पक्षी गारठतो. पिसं साफ करताना तेल पोटात जातं. यकृत, मूत्रपिंडं निकामी होतात. अशा पक्ष्याला आधी ऊब आणि विसावा द्यायचा. मग जाणत्या माणसाने कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवायचं. त्यांचं शेवटचं सांगणं मला सगळ्यात लागलं. पावसाळा हा बगळ्यांचा विणीचा काळ. उबवताना छातीचं तेल अंड्यांना लागतं, आणि थोडे थेंबही आतल्या पिलाला मारायला पुरतात.

जालन्याला परतलो तेव्हा गॅरेजची जुनी रीत चालूच होती: जळकं ऑइल गटारात. एका ट्रकचं दहा-पंधरा लिटर. गटार कुंडलिकेत, कुंडलिका दुधनेत, दुधना पूर्णेत, पूर्णा गोदावरीत, आणि गोदावरी समुद्रात. आमच्या गावाला समुद्र नाही, असं मी आता म्हणत नाही.

त्या दिवसापासून जळकं ऑइल पिंपात साठवतो आणि ते शुद्ध करणाऱ्या परवानाधारकाला देतो. पोरांना कामाला घेताना पान्याआधी पिंप दाखवतो.

कुंडलिकेच्या पुलावर गाडी थांबवली की खाली पाण्यात बगळे दिसतात. त्यांची छाती पांढरी आहे ना, तेवढं पाहतो आणि पुढे जातो.