जागेची वांटणी

गेल्या फेब्रुवारींत एके दिवशीं आमच्या शाळेच्या कार्यालयांत रात्रीं साडेनऊपर्यंत दिवे जळत होते. दहावीचे अंतर्गत गुण नोंदविण्याचा तो शेवटचा दिवस होता, आणि दुपारीं दोनच्या सुमारास शाळेचा सर्व्हर एकही नवें अक्षर लिहून घेईना. त्याची डिस्क तोंडोतोंड भरली होती. दोन तुकड्यांचे गुण अर्धवट नोंदले जाऊन बिघडले. शिक्षकांनीं कागदी याद्या पुन्हा बाहेर काढल्या व रात्रीपर्यंत बसून प्रत्येक आंकडा नव्यानें भरला. हें येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ती डिस्क आम्हीं भरली होती.

आम्ही म्हणजे संगणक मंडळाचे चार विद्यार्थी. सर्व्हर म्हणजे शाळेंतील इतर सर्व संगणकांस माहिती पुरविणारा व त्यांची माहिती सांभाळणारा संगणक. शाळेचें कोठारच म्हणा ना. जानेवारींतील स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती कोठें तरी सुरक्षित राहाव्यात, म्हणून आम्हीं त्या मोठ्या हौसेनें त्या कोठारांत नेऊन टाकल्या. परंतु कोठारास खोली एकच होती. यंत्राची प्रणाली, गुणपत्रकें, मुलांच्या फायली, यंत्र स्वतः लिहितें ती रोजनिशी, सारें एकाच जागीं. आमच्या चित्रफितींनीं ती खोली भरली आणि गुणपत्रकांस पाय ठेवावयास जागा उरली नाहीं. आम्हांस कोणी रागें भरलें नाहीं. आणि त्यामुळेंच लाज अधिक वाटली.

जूनमध्यें नवा सर्व्हर आला. संगणकाच्या सरांनीं आम्हां चौघांस बोलावून सांगितलें, “मागील चूक तुमची, तेव्हां या डिस्कच्या वांटणीचा आराखडाही तुम्हीच करा. मात्र प्रत्येक आंकड्याचें कारण मला सांगतां आलें पाहिजे.”

नव्या यंत्रांत चार टेराबाइटच्या दोन डिस्का होत्या. त्या आरशासारख्या जोडावयाच्या, म्हणजे एकीवर लिहिलेलें दुसरीवरही आपोआप उमटतें आणि एक बिघडली तरी दुसरीवर काम चालतें. म्हणून वांटावयास जागा एकीचीच. त्यांतही पहिलाच हिशेब चुकला. वेष्टनावर चार लिहिलें होतें, आणि यंत्र ३.६४ दाखवीत होतें. आम्हांस वाटलें, दुकानदारानें फसविलें. सरांनीं उलगडा केला कीं, डिस्क करणारे हजाराच्या पटीनें मोजतात व यंत्र १०२४ च्या पटीनें मोजतें. वस्तु तीच, मापें दोन. म्हणजे वांटणीस सुमारें ३,७२५ गिगाबाइट हातीं होते.

आतां आमच्यांत वाद सुरू झाला. एकाचें म्हणणें, कप्पे पाडूंच नयेत. एका कप्प्यांत जागा ओस पडावी आणि दुसऱ्यास ती अपुरी पडावी, हा कसला व्यवहार? हें म्हणणें खोटें नव्हतें. दुसऱ्याचें म्हणणें, सगळी जागा आजच काटेकोर वांटून टाकावी, म्हणजे पुढें तंटा नको. तिसऱ्यास चित्रफितींसाठीं अर्धी जागा हवी होती. चौथ्यानें आपल्या आजीची गोष्ट काढली. गांवीं तिच्या घरीं खाण्याच्या जोंधळ्याची कणगी निराळी आणि बियाण्याची निराळी असे. पाहुणे कितीही येवोत, बियाण्याच्या कणगीस हात लावावयाचा नाहीं. कारण तीं एक झालीं, तर बी केव्हां खाल्लें गेलें हें पेरणीच्या दिवशींच कळावयाचें. हें ऐकून पहिला गप्प झाला. फेब्रुवारींतील ती रात्र म्हणजे आमचा पेरणीचाच दिवस होता.

कप्पे पाडावयाचे हें ठरलें, परंतु केवढे? सरांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची हे युनिक्स प्रणाली रचीत होते. पहिली लहानशी डिस्क पुरेना, म्हणून प्रणालीचा कांहीं भाग ‘यूएसआर’ नांवाच्या दुसऱ्या डिस्कवर न्यावा लागला. ती अडचण केव्हांच संपली. पण त्या वांटणीचें नांव आजही आपल्या सर्व्हरांत शिल्लक आहे. घाईनें पाडलेली भिंत पुढच्या पिढ्यांसही वागवावी लागते, हें त्यावरून आम्हीं ओळखलें.

दुसरीही एक गोष्ट आम्ही शिकलों. आम्हीं निवडलेल्या पद्धतींत कप्पा वाढविणें सोपें असतें. काम चालूं असतांनाही तो वाढवितां येतो. कमी करावयाचा तर मात्र तो बंद करून, जपून, मनांत भीति बाळगून करावा लागतो. दिलेलें परत घेणें येथेंही कठीणच!

या विचारांत असतां आम्ही एकदां कार्यालयांत गेलों. आमचे भाऊसाहेब सामानाच्या खोलीच्या किल्ल्या मोजीत होते. आमची अडचण ऐकून ते म्हणाले, “मुलांनो, या खोलींतलीं आठ कपाटें मीं वांटून दिलीं आहेत. नववें कोणालाच दिलेलें नाहीं. तें ज्या दिवशीं दिलें, त्या दिवसापासून प्रत्येक नव्या वस्तूसाठीं कोणाचें तरी सामान बाहेर काढावें लागेल.”

आमचा आराखडा त्याच सायंकाळीं पुरा झाला. यंत्र सुरू होण्यासाठीं लागणाऱ्या लहान कप्प्यांस दोन गिगाबाइट, प्रणालीस ६०, स्मृति अपुरी पडल्यास उसनी जागा म्हणून १६, रोजनिशीस ४०, गुणपत्रकांस २००, मुलांच्या फायलींस १,००० आणि चित्रफितींस १,२००. उरलेले सुमारें १,२०० गिगाबाइट कोणासही दिले नाहींत. जवळजवळ एक तृतीयांश जागा रिकामी पाहून सर हंसले; परंतु त्यांनीं खोडलें कांहींच नाहीं. केवळ एवढेंच बजावलें कीं, भिंती पुरापासून राखतात, आगीपासून नव्हे. आणि आरसाही राखीत नाहीं, कारण एकीकडे पुसलेलें दुसरीकडेही पुसलें जातें. म्हणून दर शनिवारीं सर्व माहितीची एक प्रत निराळ्या डिस्कवर उतरून ती दुसऱ्या इमारतींत ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें. तें आम्हीं आजवर चुकविलेलें नाहीं.

यंदाचें संमेलन डिसेंबरांत झालें. चित्रफितींचा कप्पा पुन्हा भरला. उत्साहास माप कोठून असणार? परंतु त्याच दुपारीं घटक चाचणीचे गुण सुरळीत नोंदले जात होते, आणि शेजारीं कांहीं अडलें आहे याची शिक्षकांस वार्ताही नव्हती. राखीव जागेंतून आम्हीं चित्रफितींस २०० गिगाबाइट दिले. ह्यास फार वेळ लागला नाहीं. त्या सायंकाळीं कार्यालयाचे दिवे नेहमींच्या वेळीं मालवले.

पुढील वर्षीं हें काम नववींतील मुलांच्या हातीं जाईल. त्यांच्यासाठीं वांटणीचा कागद सर्व्हरच्या कपाटाच्या दारास आंतून चिकटविला आहे, व प्रत्येक आंकड्यापुढें त्याचें कारण लिहिलें आहे. शेवटचा रकाना कोरा आहे. खरी गरज पडल्यावांचून त्यांनीं तो भरूं नये, एवढीच विनंती.