दलदलीत थांबलेली मोटार

आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको' (१९६०) पहिल्यांदा पाहायला बसलेल्या त्या विद्यार्थिनीला न्हाणीघरातील खून आधीच ठाऊक होता. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, हा हिचकॉकचा तेव्हाचा दंडक अनभिज्ञ प्रेक्षक गृहीत धरणारा होता. ती अनभिज्ञता तिच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते. चाळीस हजार डॉलर घेऊन पळालेली मॅरियन मारली गेली, बर्नार्ड हरमनची तंतुवाद्ये किंचाळली, आणि विद्यार्थिनी काहीशा अलिप्ततेने पाहत राहिली. (वर्गावर्गांतून दाखवला गेलेला प्रसंग असा झिजतो.)

धक्का पुढे होता. नॉर्मन न्हाणीघर धुतो, पुसतो. हे काम हिचकॉक घाईने उरकत नाही. मग प्रेत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले, नॉर्मनला पत्ता नसलेले ते पैसे पोटात घेऊन मोटार दलदलीत ढकलली जाते. बुडू लागते आणि मध्येच थांबते. नॉर्मन भेदरून इकडेतिकडे पाहतो. विद्यार्थिनीचा श्वास अडकला. मोटार बुडावी, अशी तिची इच्छा होती.

तोवर नॉर्मन तिच्या लेखी आईचा गुन्हा झाकणारा मुलगा होता, ही सबब खरी. पण साधारणीकरणाच्या चर्चेत तादात्म्य हे बहुधा सहृदयतेचे लक्षण ठरते. इथे त्याने तिला मृतेपासून सोडवून प्रेत लपवणाऱ्याच्या शेजारी उभे केले होते, तेही जवळजवळ निःशब्दपणे. मोटार दिसेनाशी झाली तेव्हा तिला हायसे वाटले. आत मॅरियन आहे, हे त्यानंतर आठवले.