मिदी कालव्याच्या काठाकाठाने

दक्षिण फ्रान्समधील तुलूज शहर मागे पडले, की सायकलची वाट मिदी कालव्याला बिलगून पूर्वेकडे निघते. भूमध्य समुद्रालगतच्या खाजणापर्यंतचे हे अंतर सुमारे 240 किलोमीटर. सराईत सायकलस्वार ते चार दिवसांत कापील. परंतु ज्या कालव्यात नौकांनाही ताशी 8 किलोमीटरची मर्यादा आहे, त्याच्या काठी घाई शोभत नाही. पहिले 50 किलोमीटर वाट गुळगुळीत आहे. पुढे माती, खडी आणि वर आलेली झाडांची मुळे. दोन्ही अंगांना गव्हाची शेते आणि जुलैत फुललेली सूर्यफुले.

नोरूझ येथे मात्र उतरावेच. हा कालव्याचा सर्वांत उंच भाग. इथले पाणी एकीकडे अटलांटिककडे, दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे वाहते. या माथ्यावर पाणी आणायचे कसे, या प्रश्नाशी अनेकांच्या योजना अडल्या होत्या. मिठावरील कर गोळा करणाऱ्या प्येर-पोल रिके याने तो सोडवला. काळ्या डोंगरातील ओढ्यांचे पाणी त्याने चरांवाटे येथवर आणले आणि सां-फेरेओल येथे मोठा जलाशय बांधला. 1666 साली राजाज्ञा मिळाली. कामात त्याने स्वतःची संपत्ती ओतली. 1681 मध्ये कालवा खुला झाला, तेव्हा रिके हयात नव्हता; आदल्याच वर्षी, वारसांवर कर्जाचा भार ठेवून, तो गेला होता.

कास्तेलनोदारीचा 'कासुले' दिसायला आपल्या पावट्याच्या उसळीसारखा. पण त्यात बदकाचे व डुकराचे मांस असते. शाकाहारी प्रवाशाने सकाळच्या बाजारातील फळे आणि साधा पाव बरा मानावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची मात्र येथे अडचण होत नाही. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो!

या वाटेची खरी संपत्ती म्हणजे तिची सावली. काठावर प्लेन जातीचे सुमारे 42,000 वृक्ष होते. 2006 साली त्यांच्यावर एका बुरशीचा रोग आढळला. ही बुरशी सालीच्या जखमेतून आत शिरते, मुळांतून शेजारच्या झाडाकडे जाते, पाण्यावाटे व नौकांमार्फत दूरवर पसरते. उपाय सापडलेला नाही. रोगट झाडासोबत त्याच्या शेजारची निरोगी दिसणारी झाडेही तोडून जाळावी लागतात. हजारो वृक्ष असे गेले. म्हणून हिरव्या बोगद्यातून चाललेली सायकल एकाएकी रणरणत्या उन्हात येते. काठावर बुंधे आणि आधाराच्या काठ्यांना बांधलेली कोवळी रोपे. एकाच जातीवर सारी सावली पुन्हा टांगली जाऊ नये, म्हणून आता निरनिराळ्या जातींची लागवड होत आहे. ती मोठी होण्यास एक पिढी लागेल.

बेझिएजवळ फोंसेरान येथे पाण्याच्या आठ पायऱ्या आहेत. एकेक कप्पा भरत-रिकामा होत नौका खाली उतरतात, आणि काठावर सायकली टेकवून लोक तासन्‌तास ते पाहत बसतात. तेथून समुद्र एका दिवसाच्या अंतरावर आहे. वारा समोरून असला तर दोन.